चार नंबरची विहीर

शहापूरच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागून मला दुसरं वर्ष चालू होतं, तेव्हा एका दुपारी मी अख्ख्या वर्गाला पाणी पाजलं. तेही खरोखरच्या पाण्याने. टायट्रेशनचं प्रॅक्टिकल होतं. ब्युरेट म्हणजे आकडे कोरलेली लांब काचेची नळी. तिच्यातून अल्कली थेंबथेंब सोडायची. खाली चंबूत आम्ल असतं. ज्या थेंबाला चंबूतलं पाणी गुलाबी होईल त्या थेंबाला थांबायचं आणि नळीवरचा आकडा जर्नलात लिहायचा. झाला प्रयोग.

गेलं वर्षभर मी बघत होतो, की आमच्या कॉलेजात हा प्रयोग कुणीही केला, कसाही केला, तरी आकडा १०.३ च येतो. खिडकीबाहेर बघत केला तरी १०.३. एकदा एकाचा चंबूच फुटला, तरी त्याचं रीडिंग १०.३. मी स्वतः दोनदा करून पाहिला. माझं एकदा ९.८ आलं, एकदा ९.७. मला वाटायला लागलं, हात माझाच वाईट आहे.

म्हणून त्या दिवशी मी आमच्या लॅब अटेंडंटला अल्कलीच्या मोठ्या बाटलीत नुसतं पाणी भरायला सांगितलं. त्यांना सगळं कॉलेज मामा म्हणायचं. मामांची नोकरी माझ्या वयाएवढी झालेली. त्यांनी बाटली हातात घेतली, माझ्याकडे बघितलं.

"सर, पान्यानं रंग येनार नाय."

"नाहीच येणार."

"मग पोरं काय लिवतील?"

"तेच बघायचंय."

पाणी भरताना मामांच्या मिशीखाली काहीतरी हलत होतं.

तासाच्या शेवटी सदतीस जर्नलं टेबलावर आली. सगळ्यांत १०.३. कुणी पहिल्यांदा १०.२ लिहून मग १०.३ केलं होतं, म्हणजे खरं वाटावं. एकाने तर निरीक्षणात 'फिकट पण सुंदर गुलाबी रंग' असं लिहिलं होतं. अडतिसावं जर्नल घेऊन एक मुलगी टेबलाशी उभी होती. ती भातसानगरच्या वसाहतीतून यायची, वडील धरणावर कामाला. वर्गात सहसा तोंड उघडायची नाही.

"सर, माझं कायतरी चुकलंय," ती म्हणाली. "दोनदा पूर्ण ब्युरेट ओतली. रंग येतच नाय."

"बाकी सगळ्यांचा तर आलाय."

"हो ना सर. मी त्यांचे चंबू पण बघितले. त्यांचा पण नाय आलेला. पण त्यांनी लिवलाय."

सगळं जर्नल इंग्रजीत, आणि त्या पानावर मात्र तिने मराठीत लिहिलं होतं: 'पन्नासपर्यंत ओतले. रंग आला नाही. पुन्हा पन्नासपर्यंत ओतले. रंग आला नाही.' घाबरलेली होती, पण आकडा लिहिला नव्हता. मी विचारलं, बाकीच्यांसारखं का नाही लिहिलंस? ती म्हणाली, तिचे बाबा रोज सकाळी धरणातल्या पाण्याची पातळी रजिस्टरमध्ये लिहितात. लहानपणी ती बरोबर जायची. एकदा धुकं होतं, पट्टीवरचा आकडा दिसत नव्हता, तर तिने सांगितलं, कालचाच टाका ना. बाबांनी तासभर धुकं विरायची वाट बघितली होती.

मी वर्गाला थांबवलं आणि बाटलीत पाणी होतं असं जाहीर केलं. मग मागच्या बाकावरून मुरबाडकडचा एक उंच मुलगा उठला. शेतकऱ्याचा मुलगा, म्हश्याजवळच्या गावचा. अतिशय प्रामाणिक कुतूहलाने म्हणाला, "सर, मग गुलाबी कसं झालं?"

"तेच मी तुला विचारतोय."

"माझं तर सुंदर गुलाबी झालं होतं," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून मटकन खाली बसला. वर्ग असा हसला की शेजारच्या लॅबमधून फिजिक्सचे सर बघायला आले.

मला राग आला होता असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. खरं तर मजा जास्त वाटली होती. हा १०.३ आला कुठून, याचा शोध मी लावायचं ठरवलं. मुलांनी तो सीनियरकडून घेतला होता, सीनियरनी त्यांच्या सीनियरकडून. दोन आठवडे मी जुनी जर्नलं गोळा करत मागे मागे गेलो. शेवटी कपाटाच्या तळाशी, झुरळांनी कडा खाल्लेलं एक नमुना-जर्नल सापडलं. त्यात पहिला १०.३, टपोऱ्या वळणदार अक्षरात. अक्षर ओळखीचं होतं. आमच्या विभागप्रमुखांचं.

मी जर्नल घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी चष्मा चढवला, पान निरखलं, आणि जुना मित्र भेटावा तसे हसले.

"अहो, त्या वर्षी कॉलेज नवीन. ब्युरेट आल्याच नव्हत्या. तपासणी समिती यायची होती. जर्नल तर पूर्ण दिसायला हवं ना?"

"सर, पण मग १०.३ च का?"

त्यांनी थोडा विचार केला. "बरा वाटला," म्हणाले.

त्यानंतर मी शनिवारी एक जादा तास सुरू केला. विषय एकच, जे केलं ते लिहायचं आणि जे लिहिलं ते केलेलं असायचं. नियम थोडेच होते. पेन्सिल नाही, पेन. खोडरबर नाही, व्हाइटनर तर अजिबात नाही. आकडा चुकला तर त्याच्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही. नाही जमलं तर 'जमलं नाही' लिहायचं, त्याचे मार्क कापणार नाही. हा शेवटचा नियम मुलांना फारच आवडला. पुढचा महिनाभर कुणाला काहीच जमलं नाही. मग मी 'का जमलं नाही' हेही लिहायला लावलं, तेव्हा हळूहळू जमायला लागलं.

मुलांनी त्या तासाचं नाव 'खोटारड्यांचा तास' ठेवलं. कॉलेजच्या फाटकाशी कुणी कुणाला विचारायचं, "कुठं चाललास रे?" आणि उत्तर यायचं, "खोटारड्यांच्या तासाला." एकाच्या आईने कॉलेजात येऊन चौकशी केली, की माझ्या पोराने नक्की काय केलंय. मीही त्या तासात फार रंगात यायचो. टेबलावर हात आपटून सांगायचो, की एक खोटा आकडा म्हणजे पुढच्या माणसाच्या वाटेत खणलेला खड्डा. मामा दारात उभे राहून ऐकायचे आणि मान हलवायचे. तेव्हा मला ती दाद वाटायची.

दोन वर्षांनी ती मुलगी आणि तो उंच मुलगा शेवटच्या वर्षाला आले. विद्यापीठाच्या संशोधन स्पर्धेचं पत्रक कॉलेजात आलं होतं. काय करायचं यावर आम्ही डोकं खाजवत बसलो असताना मुलगा म्हणाला, "सर, म्हश्याच्या जत्रेत एवढी माणसं, एवढे बैल. तिथल्या विहिरींचं काय होत असेल?"

प्रश्न इतका सरळ होता की मला स्वतःची लाज वाटली. मी इतकी वर्षं जत्रेला जाऊन बैल बघत होतो, खाजा खात होतो, पण विहिरीत डोकावलो नव्हतो.

आम्ही जत्रेच्या मैदानाभोवतीच्या पाच विहिरी निवडल्या, त्यांना एक ते पाच नंबर दिले. दर रविवारी कुणीतरी एकाने जाऊन बाटल्यांत पाणी आणायचं, सोमवारी लॅबमध्ये तपासायचं. तपासणी सोपी. पाण्यात जांभळं परमँगनेट सोडायचं. पाण्यातली घाण त्याचा रंग खाते. जितकी घाण जास्त, तितकं जांभळं जास्त लागतं. आकडा मोठा म्हणजे पाणी वाईट. जत्रेआधी दोन रविवार, जत्रेत एक, नंतर तीन. तिघांत पाळ्या लावल्या. रजिस्टर मी माझ्या ताब्यात ठेवलं, कारण सर मी होतो.

जत्रेआधीचे आकडे छान आले. जत्रेत सगळे चढले. चार नंबरची विहीर मैदानाला अगदी लागून, ती चारवरून जवळपास आठवर गेली. जत्रा उठल्यावरचा पहिला रविवार माझा होता.

त्या रविवारी माझ्या मेहुणीचा साखरपुडा होता कल्याणला. मी बायकोला म्हटलं, मला म्हश्याला जायचंय. ती म्हणाली, "विहिरी पळून जाणार आहेत का?" मुद्दा बिनतोड होता. मी कल्याणला गेलो, श्रीखंडाच्या चार वाट्या खाल्ल्या आणि सोमवारी सकाळी लॅबमध्ये येऊन रजिस्टर उघडलं. पाच रिकामे चौकोन.

त्यात मी 'जमलं नाही' असं लिहू शकलो असतो. नियम माझाच होता. पण मुलं काय म्हणतील, असं वाटलं. शिवाय जत्रा उठल्यावर पाणी हळूहळू निवळणार, हे कुणीही सांगेल. मी प्रत्येक विहिरीचा जत्रेतला आकडा घेतला आणि थोडा थोडा उतरवला. चार नंबरला ६.२ लिहिलं. फार सुबक दिसत होतं. मी कुणाला फसवतोय असं मला त्या वेळी अजिबात वाटलं नाही. काम पूर्ण केल्यासारखंच वाटलं.

पुढचे दोन रविवार मुलांचे. बाकीच्या चार विहिरी शहाण्यासारख्या वागल्या, माझ्या आकड्यांवरून सावकाश खाली आल्या. चार नंबर मात्र एकदम अडीचवर. जत्रेआधी होती त्याहून स्वच्छ! पुन्हा तपासलं, तरी तेच.

विभागप्रमुखांनी तक्ता बघितला. "ही विहीर गाळा," म्हणाले. "पाचच्या जागी चार विहिरी होत्या असं समजा. कुणाला काय कळतंय?"

मी गाळायला जवळजवळ तयार झालो होतो. मुलगी म्हणाली, "सर, जत्रेनं पाणी सुधारलं तर का सुधारलं ते बघूया ना. मी विचारून येते." मुलाची आत्या म्हश्यातच राहायची, चार नंबरच्या विहिरीसमोर. दोघं एका सुट्टीच्या दिवशी मुरबाडची एसटी पकडून तिच्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी, मामा आणि ती दोघं होतो. मुलगा आल्यापासून जमिनीकडे बघत होता. मुलगीच बोलली.

"सर, आत्या सांगत होती, जत्रेत हॉटेलवाल्यांनी चार नंबरात इंजिन लावलं होतं. दिवसरात पाणी ओढलं. जत्रा उठेपर्यंत विहीर तळाला गेली. मग गाववाले बोलले, एवीतेवी तळ दिसतोय तर गाळ काढून टाकूया. काढला. मग खालून नवा झरा लागला. म्हणून पाणी चांगलं."

"वा!" मी टेबलावर हात मारला. "हे तर फारच छान निघालं. म्हणजे जत्रेनेच विहीर धुतली!"

"हो सर." तिने रजिस्टर जवळ ओढलं. "एक विचारू? रागवणार नाय ना?"

"विचार की."

"गाळ काढला तो जत्रेनंतरचा पहिला रविवार. सकाळपासून संध्याकाळपर्यंत विहिरीत माणसं होती. पाणी टिपूसभर नव्हतं. आत्या बोलली, बाजूच्या गल्लीतून पाणी आणून चहा केला त्यांच्यासाठी." तिने रजिस्टर माझ्यासमोर सरकवलं, त्या चौकोनावर बोट ठेवलं. "मग सर, हे ६.२ कशाचं आहे?"

मामांना जोरात खोकला आला. ते तोंडावर पंचा धरून कपाटामागे गेले.

मी पहिल्या झटक्यात म्हणालो, "दुसऱ्या कुठल्यातरी विहिरीचं घेतलं गेलं असेल." आणि ते ऐकताना मलाच माझा आवाज मागच्या बाकावरच्या पोरासारखा वाटला. मुलगी नुसती वाट बघत राहिली. ती वाट बघण्याची पद्धत बहुधा घराण्यातलीच होती.

"मी गेलोच नव्हतो," मी म्हणालो. "साखरपुड्याला गेलो होतो. पाचही आकडे मनाचे आहेत."

मग मुलगा हळूच म्हणाला, "सर, म्हणजे तुमचं पण सुंदर गुलाबी झालं होय?"

आधी मामा हसले, कपाटामागून. मग आम्ही सगळेच. हसता हसता माझे कान इतके तापले होते की अजून आठवतंय. मुलीने स्वतःचं पेन उघडून माझ्या हातात दिलं.

"एकच रेघ, सर. आणि सही."

मी पाच आकड्यांवर एकेक रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'या दिवशी नमुने आणले नाहीत. आकडे खरे नव्हते.' खाली सही केली. माझी सही एरवी लपेटदार असते. त्या दिवशी ती चौथीतल्या मुलासारखी आली. ती दोघं गेल्यावर मी मामांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? ते बाटल्या पुसत होते.

"त्या सोमवारी बाटल्या धुवायला आल्याच नाय ना, सर. तवाच समजलो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो. पण तुमी शनिवारचा तास एवढा चांगला घेता, मन झालं नाय."

स्पर्धेला मुंबईला गेलो. परीक्षक तीन होते. मधल्या बाई वयस्कर, पांढऱ्या केसांच्या, बारीक आवाजाच्या. मुलीने विहिरी सांगितल्या, मुलाने चार नंबरची गोष्ट आत्याच्या भाषेत सांगितली आणि सभागृह खूश झालं. मग बाईंनी रजिस्टर मागितलं. एकेक पान उलटत त्या खोडलेल्या ओळीपाशी आल्या.

"हे काय आहे?"

"त्या दिवशी नमुने घेतले नव्हते मॅडम," मुलगी म्हणाली. "आकडे खोटे होते, म्हणून खोडले."

"कुणी लिहिले होते?"

मुलीने रजिस्टरकडे बघितलं. मुलगा छताकडे बघायला लागला. मी शेवटच्या रांगेत होतो. हळूच हात वर केला. मागच्या बाकावर बसून वर केलेला तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात जड हात.

आम्हाला बक्षीस मिळालं नाही. एक अख्खा रविवार कोरा, म्हणून मार्क गेले, आणि ते बरोबरच होतं. परतताना मुलगा म्हणाला, "सर, ६.२ ठेवलं असतं तर दुसरा नंबर नक्की होता." मुलगी त्याला म्हणाली, "आणि गाळ काढणारी माणसं ६.२ मध्ये उभी होती काय रे?"

बक्षीस नाही, पण महिन्याभराने त्या बाईंचं पत्र आलं. पीएच.डी.च्या मार्गदर्शकांसाठी त्या एक कार्यशाळा घेत होत्या, संशोधनातल्या सचोटीवर. मी बोलायला यावं. विभागप्रमुखांना पत्र दाखवलं तर ते म्हणाले, "तुम्ही खोटे आकडे लिहिलेत म्हणून तुम्हाला सचोटीवर बोलवतायत?" मी म्हटलं, "हो सर." त्यांनी पत्राची घडी घालून मला परत दिलं. "मला नाही बोलावलं कधी," म्हणाले.

कार्यशाळेत माझ्यासमोर चाळीसेक प्राध्यापक, बहुतेक माझ्याहून वडील. मी नियम सांगितले नाहीत. श्रीखंडापासून सुरुवात केली आणि विहिरीपर्यंत आलो. कुणी हसलं नाही. मला वाटलं, संपलं, शहापूरची अब्रू घालवली.

चहाच्या वेळी शेतीशास्त्राचे एक निवृत्तीला आलेले प्राध्यापक कपबशी घेऊन माझ्याजवळ आले. मला खांबामागे नेलं.

"माझ्या प्रबंधात भाताचे बारा वाफे आहेत," ते कुजबुजले. "अकराच होते. बारावा कापणीच्या आदल्या दिवशी म्हशीने खाल्ला."

"मग बाराव्याचं उत्पन्न?"

"लिहिलं. चांगलं आलं होतं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "इतकी वर्षं झाली. एका म्हशीशिवाय कुणाला माहीत नाही, आणि ती काही बोलली नाही."

मी इतका हसलो की चहा बशीत आला. तेही हसले, मग एकदम गंभीर झाले. "ती मुलगी कुठं असते आता?" त्यांनी विचारलं. "माझ्या विद्यार्थ्यांशी बोलेल का?"

ती तेव्हा एम.एस्सी.ला गेली होती. आधी नाही म्हणाली, तिला भाषण जमत नाही. मी म्हटलं, भाषण नको, विहिरींचं सांग. मग त्या प्राध्यापकांच्या विभागात आली. वडीलही आले होते, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसले. तिच्या आधी ते म्हातारे प्राध्यापक स्वतः उभे राहिले आणि आपल्याच विद्यार्थ्यांना म्हशीची गोष्ट सांगितली, वाफ्याच्या नंबरासकट. पोरांना हसावं की नाही ते कळेना. मग ती बोलली, दहा मिनिटं, खाली बघत, एकही मोठा शब्द न वापरता.

ती खाली बसली. मग मधल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. म्हणाली, "सर, माझी तीन रीडिंगं परत घ्यावी लागतील. मला महिनाभर जास्त मिळेल का?" प्राध्यापक म्हणाले, मिळेल. तिच्यामागे आणखी एक हात वर झाला, मग खिडकीजवळचा एक. प्राध्यापकांनी खिशातून कागद काढला आणि कुणाला किती मुदत हवी ते लिहून घ्यायला लागले.